गुरांनी सोडलेला तरवड

दसऱ्याच्या आसपास माणदेशात, जतेकडे किंवा करमाळ्याच्या बाजूला माळावर गेलं की आधी नजरेत भरतो तो तरवड. गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, कुसळं पायजम्यात घुसत असतात. बोरी-बाभळीच्या फांद्या शेळ्यांची मान पोहोचेल तिथवर साफ झालेल्या असतात. त्यातच कमरेएवढी, कुठे छातीएवढी तरवडाची झुडपं बुडापासून शेंड्यापर्यंत हिरवी राहून माथ्यावर पिवळीधमक फुलं मिरवत असतात. शेळ्या त्यांना अंग घासून जातात, शेजारच्या बोरीच्या काट्यांत बिनदिक्कत तोंड खुपसतात, पण तरवड हुंगून सोडून देतात.

म्हणून गुराख्याच्या लेखी तरवड बिनकामाचा. चारा नाही, सावली नाही, लाकूड म्हणावं तर चुलीत घालण्यापुरतं. पण ज्या मुलखात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो संपल्यावर आठ महिने हजारो तोंडं चरत फिरतात, तिथे झुडपाला दोन शत्रू असतात, ऊन आणि दात. उन्हाला तोंड देणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत. दातांपासूनही वाचणाऱ्या थोड्या, आणि त्यांतल्या बहुतेकांनी काटे धरले. तरवडाला काटे नाहीत. त्याची राखण त्याच्या बेचवपणावर चालते.

याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. एखाद्या माळावर तरवड दाटला म्हणजे माळ सुधारला, असं समजू नये. बहुतेक वेळा उलटंच असतं. चांगली गवतं चरून-चरून संपतात आणि जे कोणी खात नाही ते शिल्लक राहून पसरतं. रानाची नाडी पाहणाऱ्याला तरवडाची दाटी अतिचराईची खूण वाटते ती त्यामुळेच. दोष अर्थात तरवडाचा नव्हे. बाकीचे गेले तेव्हा माती धरून राहिला तो हाच.

ओळख पटवायला फूल लागत नाही. पानाच्या देठाच्या बुडाशी पाहावं. तिथे दोन रुंद, हिरवी उपपर्णं असतात, कानाच्या पाळीसारखी गोल आणि पान जुनं झालं तरी न गळणारी. लिनियसने १७५३ साली या झुडपाला ‘कॅशिया ऑरिक्युलाटा’ म्हटलं ते या कानांवरून. पुढे विल्यम रॉक्सबर्गच्या ‘फ्लोरा इंडिका’त, १८३२च्या आवृत्तीत, ते ‘सेना’ या प्रजातीत गेलं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ दीडशे वर्षं जुनंच नाव वापरत राहिले. १९८२ साली आयर्विन आणि बार्नेबी या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी कॅशियाच्या अवाढव्य गोतावळ्याची वाटणी केली, तेव्हा कुठे ‘सेना ऑरिक्युलाटा’ रूढ झालं. जुन्या पुस्तकांत आणि आयुर्वेदिक औषधांच्या बाटल्यांवर अजून कॅशियाच दिसतं. दोन्ही एकच.

पान संयुक्त, पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध देठावर एक बारीक उभी ग्रंथी. भिंगातून पाहिली तर छान दिसते, नुसत्या डोळ्यांनीही सापडते. टाकळ्याशी, म्हणजे खेड्यात ज्याला तरोटाही म्हणतात त्याच्याशी, तरवडाची गल्लत होते. टाकळ्याचं पान तीन जोड्यांचं, रोप पावसाळी आणि हिवाळ्यात वाळून जाणारं. त्याची कोवळी पानं आपण भाजीला खुडतो. तरवड बारमाही आणि खोडाने पक्का, दालचिनीच्या रंगाच्या गुळगुळीत सालीचा. बहावाही याच गोतातला, पण तो वृक्ष आणि त्याचे घोस खाली लोंबणारे.

फुलाकडे मात्र सावकाश बघायला हवं. चार-पाच सेंटिमीटर रुंदीचं फूल, पाच पाकळ्या, त्यांवर किंचित गडद शिरा. आत दहा पुंकेसर, पण दहाही सारखे नाहीत. वरचे तीन खुरटलेले, नावापुरते. मधले बेताचे. खालचे लांब, बाकदार, पुढे झेपावलेले. या फुलात मध अजिबात नाही. मधमाश्या, भुंगे इथे येतात ते परागांसाठी, आणि पराग तरी सहजी मिळतील तर शपथ. बहुतेक फुलांचे परागकोष उभे चिरून उघडतात. तरवडाचे मिठाच्या डबीसारखे, टोकाला फक्त बारीक भोक असलेले. नुसतं चाटून किंवा खरवडून काही निघत नाही.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास झुडपाजवळ थांबलं की हे कोडं सुटताना ऐकू येतं. काळा सुतारभुंगा येतो, मधल्या पुंकेसरांना पायांनी घट्ट धरतो, पंख मिटतो आणि छातीचे स्नायू जोरात थरथरवतो. उडतानाची त्याची गुणगुण वेगळी आणि ही वेगळी. ही चढ्या पट्टीतली, तुटक, जेमतेम सेकंदभराची. त्या हादऱ्याने भोकांतून परागांची फवार उडते. मधल्या कोषांतले पराग भुंग्याच्या पोटाशी पडतात, ते तो गोळा करून पिल्लांसाठी नेतो. त्याच वेळी खालचे लांब कोष त्याच्या अंगावर अशा जागी पराग उडवतात जिथे त्याचा स्वतःचा पाय पोहोचत नाही. ते पुढच्या फुलाच्या वाकड्या कुक्षीवर घासले जातात. खाऊ घालायचे पुंकेसर वेगळे आणि वंश चालवायचे वेगळे. मध तयार करायला साखर लागते आणि पाणी लागतं. कोरडवाहू मुलखात मध न देता पाहुण्याला बोलावण्याची ही युक्ती चांगलीच काटकसरीची म्हणायची.

पाण्याच्या बाबतीतही असाच हात आखडता. मुळं खोल जातात, मुरमातल्या फटींतून वाट काढतात. पर्णिका लहान, आणि संध्याकाळ झाली की जोडीजोडीने मिटतात. कडक उन्हाळ्यात झुडूप पानं कमी करतं, पण सहसा पुरतं उघडं होत नाही. महाराष्ट्रापासून तमिळनाडूपर्यंतचं कोरडं पठार, वर गुजरात-राजस्थानचे भाग आणि खाली श्रीलंकेचा कोरडा पट्टा, असा त्याचा मुलूख आहे. कोकणातल्या धो धो पावसात त्याला करमत नाही.

आता सालीकडे वळू, कारण तरवडाला एके काळी जगाच्या बाजारात किंमत मिळाली ती सालीची.

सालीत १५ ते २० टक्क्यांच्या घरात टॅनिन असतं. कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू. ते ओले राहिले की सडतात, वाळले की लाकडासारखे ताठ होतात. टॅनिनचे रेणू या तंतूंना जागोजागी चिकटतात, त्यांच्यामधलं पाणी हटवतात आणि सूक्ष्मजीवांना ते पचू देत नाहीत. कातडं कमावणं म्हणतात ते हेच. आधी चुन्याच्या कुंडात भिजवून केस सोडवायचे, आतल्या बाजूचं मांस तासायचं, चुना धुऊन काढायचा आणि मग कुटलेल्या सालीच्या पाण्यात, साल बदलत-बदलत, काही आठवडे मुरवायचं. घाई केली की वरचा थर कमावला जातो आणि गाभा कच्चा राहतो.

महाराष्ट्रात या कामाला बाभळीची साल आणि हिरडा जास्त चालला. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने त्यावरच कमावलेलं. दक्षिणेत मात्र तरवडाचं राज्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीवर अर्धवट कमावलेली गाई-म्हशींची, शेळ्या-मेंढ्यांची कातडी ‘ईस्ट इंडिया’ या नावाने लंडनच्या बाजारात जाऊ लागली. हलकी, मऊ, फिकट रंगाची, आणि तिकडच्या कारखानदाराला हवी तशी पुन्हा घडवता येणारी. एकच खोड होती. तरवडावर कमावलेलं कातडं उजेडात राहिलं की तांबूस पडतं. त्यावर तोड म्हणून शेवटी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं. म्हणजे दक्षिणेच्या माळावरची साल आणि डोंगरातला हिरडा मिळून तो विलायती माल तयार होई. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या बुटांच्या वरच्या भागासाठी या कातड्याला इतकी मागणी आली की त्याची खरेदी सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतली.

एवढी साल कुठून येई? लागवड नावालाच होती. माळावरून, पडीक रानातून, रस्त्याकडेच्या झुडपांतून बायका-मुलं फांद्या तोडत, ठेचून साल सोलत, वाळवून मोळ्या बांधत आणि वजनावर व्यापाऱ्याला देत. मोठ्या निर्यातीच्या तळाशी ही किरकोळ मजुरी होती, आणि त्या मजुरीला दुष्काळी वर्षात मोल येई, कारण शेत पिकलं नाही तरी तरवड असायचाच.

पुढे दोन गोष्टींनी हा धंदा बसला. दक्षिण आफ्रिकेतून वॉटल नावाच्या ऑस्ट्रेलियन बाभळीची साल येऊ लागली. तिच्यात टॅनिन तरवडाच्या जवळजवळ दुप्पट. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचे प्रयोग सुरू केले. जे सालीने आठवड्यांत व्हायचं ते क्रोमने एक-दोन दिवसांत होऊ लागलं. तरवड बाजारातून बाहेर पडला. क्रोमच्या सांडपाण्याने पालार नदीच्या खोऱ्याची काय दशा केली ते आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यामुळे सालीवर कमावलेल्या चामड्याची पुन्हा विचारपूस होते. पण त्यावरून तरवडाचे जुने दिवस परततील असं मला वाटत नाही. माळावर फिरून, ठेचून, सोलून साल गोळा करायला आज त्या मजुरीत कोण तयार होईल?

आज तरवड विकला जातो तो मधुमेहाच्या नावावर.

तमिळनाडूत आवारम, श्रीलंकेत रणवरा. दोन्हीकडे फुलं वाळवून त्यांचा काढा चहासारखा पिण्याची जुनी रीत आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘मातारा चहा’ही म्हटलंय, श्रीलंकेच्या दक्षिण टोकाच्या गावावरून. आवारम फुलत असेल त्या गावात मरण कसं येईल, अशा अर्थाची म्हण तमिळ माणूस हमखास सांगतो. सिद्ध वैद्यकात आणि आयुर्वेदात (तिथे आवर्तकी) मूळ, साल, पान, फूल, बी या पाचही अंगांचा उपयोग सांगितला आहे, प्रमेहासाठी तर खासच. कोवळ्या काड्यांनी दात घासायची पद्धत आपल्याकडेही होती. सालीचा तुरटपणा हिरड्यांना चांगला.

प्रयोगशाळेतही हा विषय गेला आहे. २००२ साली अण्णामलाई विद्यापीठातल्या पारी आणि लता या संशोधकांनी मधुमेही केलेल्या उंदरांना फुलांचा अर्क देऊन रक्तातली साखर उतरल्याचं दाखवलं. त्यानंतर तशी कामं बरीच झाली. पण उंदराची साखर उतरली म्हणून माणसाने गोळ्या बंद कराव्यात, असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरीकडे १९८१ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी तिथल्या काही घरगुती औषधी वनस्पती तपासल्या, तेव्हा यकृताला अपाय करणारी पायरोलिझिडीन जातीची अल्कलॉइड्स ज्यांत आढळली त्यांत तरवडही होता. समाजमाध्यमांवर ‘काहीही अपाय नाही’ म्हणून तरवडाची पूड खपवणाऱ्यांच्या तोंडी ही गोष्ट कधी येत नाही. अधूनमधून कपभर पिणं वेगळं आणि वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ औषध म्हणून घेणं वेगळं. ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, गरोदर आहेत किंवा यकृताचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

भेसळीच्या इतिहासातही तरवडाचं नाव आहे. सोनामुखीच्या पानांत त्याची पानं मिसळून विकली जात. औषधपरीक्षेच्या पुस्तकांत ही भेसळ पकडायची युक्ती दिलेली असते. पानाच्या पुडीवर ८० टक्के सल्फ्युरिक आम्ल टाकलं की तरवड असेल तर लाल रंग उमटतो.

देवाच्या दारी मात्र तरवडाला बारा महिन्यांतले नऊ दिवस मान असतो. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढवायची असते आणि आपल्या कोरडवाहू गावांत ती पुष्कळदा तरवडाच्या फुलांची असते. पोरं सकाळी माळावरून परडीभर फुलं आणतात, पैसा पडत नाही. तेलंगणात याच दिवसांत बतुकम्मा येते. ताटात तरवडाची पिवळी फुलं आणि कुर्डूचे तुरे थरावर थर रचून मनोरा करायचा, त्याभोवती बायकांनी फेर धरायचा आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. सोलापूरच्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत हा सण जोरात होतो, कारण ती कुटुंबं मुळात तेलंगणातून मागावर आली. राज्य झाल्यावर तेलंगणाने राज्यफूल निवडलं तेही हेच. गुलाब-कमळाला बाजूला सारून माळावरच्या झुडपाला मान देणारं सरकार विरळा.

लागवडीकडे येऊ. जो आपोआप उगवतो त्याची लागवड कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर बाजारात आहे. फुलांची, पानांची आणि ‘पंचांगा’ची मागणी वाढली की माळावरची झुडपं ओरबाडली जातात. फूल तोडलं, फांदी छाटली तर तरवडाचं काही बिघडत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटतो. पंचांगात मूळ आलं की झुडूप गेलं. तेव्हा ज्याला विकायचं आहे त्याने आपल्या बांधावर लावावं, हे बरं.

शेंगा हिवाळ्यात वाळतात. चपट्या, कागदासारख्या पातळ, सात ते बारा सेंटिमीटर लांब, तपकिरी, वाऱ्याने खुळखुळणाऱ्या. पोत्यावर पसरून काठीने झोडल्या की बी मोकळं होतं. बियांत भोकं पडलेली दिसली तर निवडून टाकावीत, किडीने आधीच हात मारलेला असतो. उरलेल्या बियांचं कवच इतकं टणक की तसंच पेरलं तर थोडं यंदा उगवेल, थोडं पुढच्या वर्षी, थोडं त्याच्याही पुढे. माळावर ही सोय आहे. एक पाऊस दगा देऊन गेला तरी सगळं बी वाया जात नाही. पण रोपवाटिकेत आपल्याला सगळं एकदम हवं असतं. त्यासाठी पाणी उकळून चुलीवरून खाली घ्यायचं, त्यात बी टाकायचं आणि झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी जे फुगलं ते लावायला तयार. जे तसंच राहिलं त्याला पुन्हा एकदा तेच. उकळत ठेवू नये, बी शिजतं. थोडंच बी असेल तर खरखरीत दगडावर एका कडेने घासलं तरी भागतं, मात्र अंकुराचं टोक सांभाळून.

पिशवीत रोपं करायची तर मार्च-एप्रिलमध्ये बी टाकावं म्हणजे पावसाच्या तोंडावर वीतभर रोप हाती येतं. माझा कल मात्र जागेवर टोकण्याकडे आहे. पिशवीत सोटमूळ तळाशी पोहोचलं की वळतं, आणि तरवडाची सगळी ताकद त्या सरळ खाली जाणाऱ्या मुळात. मृगाचा पाऊस होऊन जमीन ओली झाली की बांधावर एक-दीड फुटावर तीन-तीन बिया टोकायच्या, उगवून आल्यावर जोमदार एक ठेवायचं. जमीन मुरमाड, खडकाळ, चुनखडीची कशीही चालते. फक्त पाणी तुंबणारी नको. पहिल्या पावसाळ्यात गवत एकदा-दोनदा काढावं आणि वाटेवरून जाणारी जनावरं रोपं तुडवणार नाहीत एवढं बघावं. खाण्याची भीती नाही, पायाखाली येण्याची आहे. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीनदा तांब्याभर पाणी मिळालं तर चांगलं. दुसऱ्या वर्षापासून तेही लागत नाही.

कुंपण म्हणून तरवड गुरांना अडवणार नाही, काटे नाहीत. अडवतो ती माती. पाऊस बांधावरून उतरताना त्याच्या बुडाशी गाळ धरतो. शेंगा काढून झाल्या की फेब्रुवारीत गुडघ्याएवढी छाटणी करावी. पावसाळ्यात नवे फुटवे येतात आणि फुलं नव्या फुटव्यांच्याच टोकाशी धरतात, म्हणून छाटलेलं झुडूप जास्त फुलतं. छाटलेला पाला वाया घालवू नये. दक्षिणेत तो चिखलणीच्या वेळी भाताच्या खाचरात तुडवतात, आपल्याकडे फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून चालेल. इथे एक गैरसमज दिसतो. तरवड शेंगावर्गातला, म्हणजे मुळांवर गाठी असणार आणि हवेतला नत्र जमिनीत येणार, असं सर्रास सांगतात. सेना प्रजातीच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत. पाल्यातून जे मिळतं ते मुळांनी खालून उपसलेलं.

पानं कुरतडलेली दिसली तर फवारणीच्या भानगडीत पडू नये. मॉटल्ड एमिग्रंट या पांढुरक्या-हिरवट फुलपाखराच्या अळ्या तरवडावर वाढतात. त्यांनी पानं खाल्ली तरी झुडूप महिन्याभरात सावरतं, आणि फुलं चहासाठी काढायची असतील तर विष मारण्यात काय अर्थ?

कुठे लावू नये, तेही सांगायला हवं. नान्नजसारख्या माळढोकाच्या गवताळ रानात, किंवा जिथे काळवीट, लांडगा, खोकड उघड्या माळावर जगतात तिथे वृक्षारोपणाच्या उत्साहात झुडपांच्या रांगा लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. माळ ही ओसाड जमीन नव्हे. तिथे आहे तेवढा तरवड पुरे. खराब झालेले बांध, रस्त्याच्या कडा, खाणीचे उघडे पडलेले उतार, पाझर तलावांचे भराव अशा जागा त्याच्यासाठी पुष्कळ आहेत.

फुलं काढायची ती सकाळी, दव उडाल्यावर, पूर्ण उमललेली पण न मळलेली. भुंग्यांची वर्दळ ओसरेपर्यंत थांबलं तर पुढच्या वर्षीच्या बियांचीही सोय होते. सावलीत, जाळीवर पातळ पसरून वाळवावीत. उन्हात टाकली की रंग उडून मातकट होतात आणि व्यापारी भाव पाडतो. चार-पाच दिवसांत हाताला कुरकुरीत लागली की हवाबंद डब्यात भरावीत. ओल राहिली तर आठवड्यात बुरशी धरतात. नवरात्रासाठी द्यायची असतील तर वाळवणं नाही, पण पहाटे तोडून दुपारच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात पडली पाहिजेत. आणि पंचांगवाला मुळं मागायला आला तर त्याला सरळ सांगावं की फुलं ने, पाला ने, छाटणीच्या फांद्यांची साल ने, मूळ विकायचं नाही.